ताशी चाळीस

अनसूयाबाई किल्लेदारांनी विजेवर चालणारी गाडी घेतली ती नवऱ्याला न विचारता, आणि घरी आणली ती टेम्पोत घालून. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात पंखे आणि मिक्सर विकणाऱ्या दुकानदारानंच तसं सुचवलं होतं. "अक्का, धारवाडपर्यंत चालवत नेऊ नका. नवीन आहे. तिला हळूहळू सवय लावायची."

टेम्पो धारवाडच्या मालमड्डी भागात घरासमोर थांबला तेव्हा वकील महादेवराव किल्लेदार कट्ट्यावर बसून कागद चाळत होते. दोन हमालांनी जांभळ्या रंगाची ती वस्तू खाली उतरवली. महादेवरावांनी चष्मा नाकावर सारखा करून तिच्याकडे पाहिलं.

"शिलाई मशीन घेतलंस?"

"गाडी आहे."

"कुणाची?"

"माझी," अनसूयाबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी इतका सावकाश उच्चारला की हमालसुद्धा थांबून ऐकू लागले.

अनसूयाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. लग्न झाल्यापासून त्यांचं जाणं-येणं महादेवरावांच्या स्कूटरवर अवलंबून होतं, आणि महादेवराव कोर्टावर अवलंबून होते. शाळा सुटली की बाई फाटकाशी उभ्या राहायच्या. एखाद्या दिवशी पुकारा वेळेवर व्हायचा, एखाद्या दिवशी साक्षीदार लांबायचा, आणि एखाद्या दिवशी महादेवराव सरळ विसरून जायचे. एकदा तर शाळेच्या शिपायानं त्यांना घरी नेऊन जेवायला वाढलं होतं. ती स्कूटर स्वतः शिकावी म्हटलं तर ती आधी एका अंगाला आडवी करावी लागे, मग पुन्हा उभी करून लाथा घालाव्या लागत, आणि त्यानंतरही तिची मर्जी असेल तरच ती सुरू होई.

मग एके दिवशी पेपरात जाहिरात आली. लायसेन्स नको, नंबर नको, पेट्रोल नको. महादेवरावांनी ती मोठ्यांदा वाचून दाखवली आणि म्हणाले, "खाली बारीक अक्षरांत लिहिलं असेल, गाडीही नको." ते हसले. अनसूयाबाईंनी पेपर मागून घेतला आणि जाहिरात कात्रीनं कापून ठेवली.

दुकानातल्या गाड्यांत त्यांनी सगळ्यात स्वस्त गाडी निवडली. तिच्या अंगावर 'पवनदूत' असं लिहिलेलं होतं. तिला सायकलसारखे पायडलही होते. ते कशाला, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला होता, "ते शोभेला आहेत, अक्का."

पहिला आठवडा फार सुखाचा गेला. सपाट रस्त्यावर पवनदूत मांजरीसारखी आवाज न करता जाई. शाळेत बाकीच्या शिक्षिका मधल्या सुट्टीत गाडी बघायला आल्या. शिवण शिकवणाऱ्या मीनाक्षीबाईंनी तर सीटवर बसून बघितलं आणि उतरताना सीटला हात लावून नमस्कार केला. "कुणाची वाट बघायची नाही म्हणजे केवढं सुख की हो बाई!" त्या म्हणाल्या. अनसूयाबाई त्या दिवशी सातवीच्या वर्गावर रागावल्याच नाहीत.

अडचण फक्त एकच होती. शाळेतून घरी येताना मालमड्डीचा चढ लागे. चढाच्या निम्म्यावर आलं की पवनदूत हळूहळू मंद होई, मग एक खोल सुस्कारा टाकून उभी राही. पायडल शोभेचे नव्हते हे बाईंना तिथं कळलं. पदर खोचून त्या पायडल मारू लागत. एका संध्याकाळी त्या अशाच घाम पुसत चढत असताना मागून बाळाचार्य आले. बाळाचार्यांचं वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, आणि ते नुसते फिरायला निघालेले. त्यांनी बाईंना गाठलं, मागं टाकलं, आणि चार पावलं पुढं जाऊन ते वळून थांबले.

"अनसूयाबाई, थांबू का? सोबतीनं जाऊ."

त्याच संध्याकाळी बाईंनी भावाला फोन लावला.

भाऊ योगेश. तारिहाळला त्याचा छोटा कारखाना होता. तिथं पंपांचे सुटे भाग तयार होत, आणि कुठलीही वस्तू हलकी करायची नाही हे त्याचं तत्त्व होतं. रविवारी तो बाईंना आणि पवनदूतला टेम्पोत घालून घेऊन गेला. कॅरिअर त्यानं बोटानं दाबून पाहिलं. ते वाकलं.

"अक्का, हे काय गं? हे कॅरिअर आहे की पापड?"

त्यानं जाड लोखंडी कॅरिअर बसवलं. मग स्टँड कच्चा वाटला म्हणून स्टँड बदलला. मग पुढं आणि बाजूंना गार्ड लावले. संध्याकाळी कारखान्यातल्या तिघांनी मिळून गाडी उचलून पाहिली तेव्हा ती उचलेना. चालू करून बघितली तर ती आता सपाट रस्त्यावरच सुस्कारा टाकू लागली.

"काय केलंस रे हे?" बाई म्हणाल्या.

"काळजी करू नको. गाडी मजबूत झाली, आता ताकद घालू."

ताकद म्हणजे एक जादा बॅटरी. जादा बॅटरीनं मोटरची वीज सांभाळणारा आतला कंट्रोलर जळला, म्हणून बेंगळूरहून मोठा कंट्रोलर मागवला. मोठा कंट्रोलर आला आणि पवनदूतचं दैव पालटलं. कारखान्यासमोरच्या रस्त्यावर अनसूयाबाईंनी मूठ पिरगळली आणि त्या 'अरे' म्हणेपर्यंत शेजारच्या कारखान्याचं फाटकही मागं पडलं. योगेश मोटारसायकलवरून त्यांच्या बाजूनं धावत होता आणि आपल्या काट्याकडे बघून ओरडत होता, "चाळीस, अक्का! चाळीस! ताशी चाळीस!"

दुसऱ्या दिवशी मालमड्डीचा चढ कधी आला आणि कधी संपला ते बाईंना कळलंच नाही. बाळाचार्यांना मात्र कळलं. काही आवाज नाही, चाहूल नाही, आणि कानाजवळून वाऱ्यासारखी जांभळी गाडी गेली. म्हातारे काठीसकट गटाराच्या काठावर चढले.

"बाई, आवाज तरी करा की हो!" ते मागून ओरडले. "मला वाटलं, मला न्यायलाच आलं कोण!"

बाईंना वाईट वाटलं. गाडीला हॉर्न होता, पण तो पिपाणीसारखा वाजे आणि त्यानं कोंबडीसुद्धा बाजूला होत नसे. योगेशला सांगितल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना?" आणि जुन्या बाजारातून हॉर्न घेऊन आला. तो लॉरीचा होता.

त्या दिवसापासून अनसूयाबाईंना रस्ता मोकळा मिळू लागला. हॉर्न वाजला की भाजीच्या गाड्या बाजूला होत, रिक्षावाले आरशात बघत, म्हशींचा कळप दुभंगे. सगळे वर, लॉरीच्या उंचीकडे बघत, आणि खालून नऊवारीएवढ्या रुबाबात पाचवारी नेसलेल्या अनसूयाबाई निघून जात. शाळेतल्या मुली त्यांना कौतुकानं 'लॉरी अक्कोर' म्हणू लागल्या. तिकडे शिक्षिकेला 'अक्कोर' म्हणतात. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांना ते आवडलं होतं.

एका माणसाचं मन मात्र अजून वळलं नव्हतं. सकाळी महादेवराव स्कूटर आडवी करत असले की बाई पवनदूत बाहेर काढून म्हणत, "चला, कोर्टात सोडते."

"त्या खेळण्यावर? अशिलांनी बघितलं तर दुसरा वकील करतील."

"चाळीसनं जाते."

"जत्रेतला पाळणाही जोरात जातो," महादेवराव म्हणत आणि स्कूटरला आणखी एक लाथ घालत.

हा 'खेळणं' शब्द बाईंच्या मनात रुतून बसला होता.

आणि मग तो गुरुवार उजाडला. स्कूटर सुरूच होईना म्हणून महादेवराव रिक्षानं कोर्टात पोचले आणि त्यांच्या लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. दुपारी त्यांची महत्त्वाची सुनावणी होती आणि चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची सहीसुद्धा वाचता येत नसे. त्यांनी शाळेत फोन केला. मधल्या सुट्टीत अनसूयाबाई पवनदूतवर बसल्या, घरी गेल्या, चष्मा घेतला आणि कोर्टाकडे निघाल्या.

कोर्टाच्या फाटकात नेहमीसारखी अशिलांची गर्दी होती. कुणी वाट देईना. सुट्टी संपत आली होती. बाईंनी हॉर्नवर अंगठा ठेवला.

गर्दी फाटली. झाडावरचे कावळे उडाले. आत न्यायाधीशांनी साक्षीदाराला थांबवून शिपायाला विचारलं, "लॉरी आत आली काय?" आणि फाटकाबाहेर 'शांतता राखा' अशी पाटी होती तिच्याखाली उभे असलेले ट्रॅफिकचे फौजदार शिवलिंगप्पा हळूच पुढं झाले. माणूस चांगला ऐसपैस होता. त्यांच्या पट्ट्याचं शेवटचं भोक नव्यानं पाडलेलं दिसत होतं.

"एन्री इदु?" हे काय आहे, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"गाडी," बाई म्हणाल्या.

शिवलिंगप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "हॉर्न लॉरीचा. पायडल सायकलचे. कॅरिअर," त्यांनी हात लावून बघितलं, "हे रेल्वेचं आहे काय? नंबर कुठाय, अक्कोर?"

"नंबर लागत नाही. लायसेन्सही लागत नाही."

"कमी वेगाची असली तर लागत नाही. पंचवीसच्या वर जात असली तर सगळं लागतंय. नाहीतर गाडी जप्त. किती जाते ही?"

खोटं बोलायची अनसूयाबाईंना सवय नव्हती आणि खरं बोलायची हिंमत होईना. गाडी गेली तर पुन्हा शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. तेवढ्यात हॉर्नचा आवाज ओळखून महादेवराव काळा कोट सावरत, पायऱ्या चाचपडत बाहेर आले.

"मी ह्यांचा वकील," ते फौजदारांना म्हणाले.

"हे माझे यजमान," बाईंनी दुरुस्ती केली.

महादेवरावांनी एकदा घसा खाकरला आणि कोर्टात उभे राहिल्यासारखे उभे राहिले. पुढं माणसं जमू लागली होती आणि माणसं जमली की महादेवरावांचा आवाज आपोआप चढत असे.

"साहेब, कायद्यानं ही गाडीच नव्हे. पायडल आहेत बघा. म्हणजे सायकल. आणि खरं सांगायचं तर ही सायकलसुद्धा नव्हे. खेळणं आहे! जत्रेत मिळतं तसलं. ही पंचवीसनं जाते म्हणणं म्हणजे लाकडी घोडा शर्यतीत पळवणं!"

लोक हसले. अनसूयाबाईंचे कान लाल झाले.

"मी चालवून बघतो," शिवलिंगप्पा म्हणाले. ते सीटवर बसले. पवनदूतनं कुंथून आवाज केला, सुस्काऱ्याखेरीज तो तिचा आयुष्यातला पहिलाच आवाज असेल. एका कॉन्स्टेबलानं आपली मोटारसायकल शेजारी घेतली आणि दोघं निघाले. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला त्यांना इतका वेळ लागला की मधे एकानं चहा पिऊन घेतला.

"अठरा, साहेब!" कॉन्स्टेबल काट्याकडे बघून म्हणाला. "मूठ पूर्ण पिरगळून अठरा."

"बघा! म्हटलं नव्हतं?" महादेवरावांनी दोन्ही हात पसरले. "अठरा! कडब्याची बैलगाडी हिला बाजू मागून पुढं जाईल!"

शिवलिंगप्पा घाम पुसत उतरले. "वकीलसाहेबांचं बरोबर आहे. खेळणंच आहे हे. अक्कोर, हॉर्नचा दंड तेवढा भरा आणि जावा."

प्रकरण मिटलं होतं. गाडी वाचली होती. नंबर नको, लायसेन्स नको. अनसूयाबाईंनी फक्त 'बरं' म्हणायचं होतं. महादेवरावांनी विजयी नजरेनं, बाई साधारण जिथं असाव्यात त्या दिशेला बघून डोळासुद्धा मिचकावला.

"तुम्ही जड आहात," अनसूयाबाई म्हणाल्या.

शिवलिंगप्पांनी पट्टा वर ओढला.

"काय म्हणाला?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"गाडीचा दोष नाही. भार वाढला की वेग उतरणारच. साधं गणित आहे. तुम्हाला घेऊन अठरानं गेली हेच विशेष आहे."

"अनसूया," महादेवराव दातांतल्या दातांत म्हणाले, "गप्प बस. केस जिंकलीय आपण."

"खेळणं म्हणून?"

"कशी का असेना, जिंकलीय!"

"मला नको तसली," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, चष्म्याची डबी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि पवनदूतवर बसल्या. "लावा तुमची मोटारसायकल शेजारी," त्यांनी कॉन्स्टेबलला सांगितलं. वर्गात 'पाटी काढा' म्हणावं तसंच त्यांनी ते सांगितलं, त्यामुळे साहेबांची परवानगी घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

मग जे झालं ते पुढं कित्येक दिवस कोर्टाच्या आवारात सांगितलं जात होतं. बाईंनी मूठ पिरगळली. आवाज काहीच झाला नाही. फक्त जांभळी रेघ ओढल्यासारखी ती गाडी गेली आणि कॉन्स्टेबलची मोटारसायकल तिच्यामागं फटफटत राहिली. बाई टोकाला वळल्या, परत आल्या, आणि पदराचं टोकही न सुटू देता फौजदारांच्या पुढ्यात ब्रेक लावून थांबल्या. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या अशिलानं फेटा काढून हवेत हलवला.

कॉन्स्टेबल थोड्या वेळानं पोचला. "बेचाळीस, साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "परत येताना मला सापडल्याच नाहीत."

"बेचाळीस?" अनसूयाबाईंचा चेहरा उजळला. "माझा भाऊ चाळीस म्हणाला होता."

शिवलिंगप्पांनी खिशातून शांतपणे पावतीपुस्तक काढलं. "अक्कोर, छान चालवता. पण बेचाळीस म्हणजे ही गाडी झाली. गाडी झाली म्हणजे नंबर पाहिजे, लायसेन्स पाहिजे. ठाण्यात न्यावी लागंल."

महादेवराव हताश होऊन पायरीवर बसले. "अशिलानं स्वतःच्या विरुद्ध प्रात्यक्षिक करून दाखवलेलं मी आजवर बघितलं नव्हतं," ते म्हणाले. मग हातातल्या डबीची आठवण होऊन त्यांनी चष्मा काढला आणि घातला. पहिली गोष्ट त्यांना स्वच्छ दिसली ती म्हणजे बायकोचा चेहरा. गाडी जप्त होत होती आणि त्या चेहऱ्यावर खंत अशी कुठं नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा चेहरा त्यांनी बघितलेला नव्हता. किंवा स्कूटर चालवताना तो कायम पाठीमागं असल्यामुळे दिसला नसेल.

"तुमची सुनावणी असेल," बाई म्हणाल्या. "मी चालत जाते शाळेत."

महादेवराव आत गेले. वकिलांच्या खोलीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

"काय किल्लेदार," एक वकीलमित्र म्हणाला, "जिंकलेली केस बायकोनं हरवली म्हणे?"

महादेवरावांनी चष्मा वर सरकवला. "बायको बेचाळीसनं गेली," ते म्हणाले. "पोलिसाची मोटारसायकल मागं टाकली. तुमच्यापैकी कुणाची बायको गेलीय का? मग गप्प बसा."

संध्याकाळी ते ठाण्यात हजर झाले. अनसूयाबाई तिथं आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. महादेवरावांनी शिवलिंगप्पांच्या टेबलावर हात टेकले आणि पुन्हा सुरुवात केली.

"साहेब, माझ्या अशिलाची गाडी ही एक पूर्ण, सक्षम, रस्त्यावर चालण्यास योग्य अशी गाडी आहे. तिला नंबर मिळवायला आम्ही अर्ज करणार. माझी अशील लायसेन्स काढणार. तोवर गाडी अशिलाच्या ताब्यात द्यावी."

"वकीलसाहेब," शिवलिंगप्पा म्हणाले, "दुपारी तुम्हीच खेळणं म्हणाला की."

"दुपारी माझ्याकडे चष्मा नव्हता."

शिवलिंगप्पा पोट हलेपर्यंत हसले. शेवटी असं ठरलं की हॉर्न आणि जादाची बॅटरी आत्ताच उतरवायची, म्हणजे गाडी पुन्हा सायकल होईल, आणि लायसेन्स मिळेपर्यंत ती सायकलच राहील. कॉन्स्टेबलानं दोन्ही वस्तू काढून महादेवरावांच्या हातात दिल्या.

"बसा," अनसूयाबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी एकदा रस्त्याकडे बघितलं. ओळखीचे दोन अशील समोरच पान खात उभे होते. महादेवराव मांडीवर बॅटरी आणि काखेत लॉरीचा हॉर्न घेऊन योगेशच्या कॅरिअरवर बसले. कॅरिअर जरासुद्धा वाकलं नाही. पवनदूत सावकाश, पण डौलात निघाली. मालमड्डीच्या चढाशी आल्यावर ती सुस्कारा टाकायच्या बेतात असताना महादेवराव न सांगता खाली उतरले.

"हो पुढं," ते म्हणाले. "मी जड आहे."

ते घरी पोचले तेव्हा गाडी अंगणात लागलेली होती, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता आणि फोन वाजत होता. बेळगावहून त्यांची बहीण कौसल्या बोलत होती. तिच्या कानावर काहीतरी गेलं होतं आणि ती काळजीत होती. महादेवराव बॅटरी खाली ठेवून खुर्चीत ऐसपैस बसले.

"काळजी कसली गं, कौसल्या? ऐक तरी. भर कोर्टासमोर, सगळं धारवाड बघत होतं. वहिनी तुझी बसली, मूठ पिरगळली, आणि साठनं गेली! साठ! पोलिसाची गाडी दिसेना मागं!"

"बेचाळीस!" आतून अनसूयाबाईंचा आवाज आला.

महादेवरावांनी फोनवर तळहात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"तू मधे बोलू नकोस गं," ते म्हणाले. "आता ही केस माझी आहे."